फुलपाखरावरचा हत्ती

आमच्या घरी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. मेहुण्याने विलायतेहून आणलेला. बिस्किटे त्याच आठवड्यात संपली आणि डब्याला चकल्यांच्या खात्यात बढती मिळाली. त्यावरच्या चित्रात एक मिशाळ चिनी गृहस्थ फुलाच्या देठाला टांगलेल्या झोपाळ्यावर बसून मासे धरतो आहे. डोक्यावर छत्री, छत्रीला घंटा. देठ वाकत नाही, मासा लागत नाही, आणि गृहस्थाला त्याचे काही नाही.

हे चित्र चिनी नाही, हे मला फार उशिरा कळले. ही धाटणी झाँ पिल्मां या फ्रेंच चित्रकाराची. जन्म १७२८, गाव लियाँ. लिस्बन, लंडन, वॉर्सा सगळे पालथे घातले. चीनला तेवढे जायचे राहिले! त्याच्या आकृत्या तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापत आणि ते कागद समोर ठेवून कापडवाले, कपबशीवाले आपापला चीन तयार करीत. लंडनच्या रॉबर्ट सेयरने १७६०च्या सुमारास 'द लेडीज अम्यूझमेंट' नावाचे पुस्तक काढले. त्यातली चित्रे बायकांनी रंगवावीत, कापावीत, डब्यापेट्यांवर चिकटवावीत. वर सल्ला असा, की हिंदी आणि चिनी विषयांत हवी तेवढी मोकळीक घ्या. तिकडे फुलपाखरूसुद्धा हत्तीला पेलते. म्हणजे चीनबरोबर आपलाही निकाल लागला.

विल्यम चेंबर्स मात्र खरोखर कँटनला जाऊन आलेला. खरा चीन दाखवायचा म्हणून त्याने १७५७ साली चिनी इमारतींच्या नकाशांचे पुस्तक छापले आणि १७६२ साली लंडनजवळ क्यूच्या बागेत पॅगोडा बांधला. दहा मजली! चीनमध्ये मजले विषम ठेवण्याची रीत. शुद्धलेखनाच्या मास्तरांनीच फळ्यावर ऱ्हस्व-दीर्घ चुकवावे, तसे झाले.

मला विचाराल तर पिल्मांच बरा. त्याची रेघ हलकी, आणि थाप मारताना तो तोंड गंभीर करीत नाही. चेंबर्सचे सगळे मापात, पण त्याच्या घरात शिरावेसे वाटत नाही. असे माझे मत गेल्या मे महिन्यापर्यंत होते.

मे महिन्यात आम्ही जव्हारला गेलो. सुरतेच्या वाटेवर शिवाजी महाराज जिथे थांबले म्हणतात, त्या शिरपामाळावर डबा उघडून बसलो. करवंदे विकणारी एक वारली बाई चकलीपेक्षा डब्याकडेच जास्त बघत होती. शेवटी तिने विचारले, "यांचा भात कोण लावतो?"

मी डबा फिरवून फिरवून पाहिला. खरेच, कोणी नाही! वारल्यांच्या भिंतीवर कोणी लावणी करतो, कोणी मोळी आणतो, कोणी ताडावर चढतो. पिल्मांच्या चीनमध्ये चहा पिणारे भरपूर, पाने खुडणारा एक नाही. चीन म्हणून त्याने फ्रान्सातली रिकामटेकडी दुपारच काढली होती. पंधरा वर्षे चकल्या खाऊन मला हे दिसले नव्हते.

हे सगळे मी हिला समजावून सांगू लागलो. ही करवंदांचे पैसे द्यायला पर्स काढत होती. पर्सवर वारली नाच छापलेला, मुंबईच्या दुकानातला. बाईने पर्स हातात घेतली, गोल फिरणारी माणसे बोटाने मोजल्यासारखी पाहिली आणि तोंडाला पदर लावून हसली.

"तारपावाला कुठे गेला?"

मधे तारपा वाजवणारा असतो, त्याच्याभोवती नाच फिरतो. आमच्या पर्सवर मधे चेन होती.

"सेलमध्ये घेतली होती," ही म्हणाली.