‘आशियाना’ची मालकी

अत्तिया हुसेन (१९१३–१९९८) यांच्या ‘सनलाइट ऑन अ ब्रोकन कॉलम’ (१९६१) या इंग्रजी कादंबरीकडे लखनौच्या लयाला गेलेल्या तहजीबचे शोकगीत म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. हे वाचन अपुरे आहे. अखेरच्या, चौथ्या भागात लैला ‘आशियाना’ या तालुकदार आजोबांच्या घरी परतते, तेव्हा तेथे अनोळखी बिऱ्हाडे थाटलेली असतात. चुलतभावांपैकी सलीम पाकिस्तानात गेला, कमाल भारतातच राहिला. परंतु एकाचे जाणे दुसऱ्याच्या हक्काआड आले. १९५० च्या निष्क्रांत मालमत्ता कायद्याने गेलेल्याचा वाटा कस्टोडियनच्या स्वाधीन होई. आई ज्याला मुलगा म्हणते, त्याला सरकारी दप्तर ‘निष्क्रांत’ म्हणते. विरहाचे असे भागहिश्श्यात रूपांतर होणे, हा या कादंबरीचा खरा आशय होय.

त्याच १९५० साली इस्रायलने अनुपस्थितांच्या मालमत्तेचा कायदा केला. १९४८ मध्ये परागंदा झालेल्या पॅलेस्टिनींची घरे व जमिनी त्याने कस्टोडियनकडे सोपविल्या. इतकेच नव्हे, तर देशातच राहिलेले हजारो लोकही कायद्याच्या लेखी ‘अनुपस्थित’ ठरले. घस्सान कनफानी यांच्या ‘हैफाला परतताना’ (१९६९) या लघुकादंबरीतील सईद आणि सफिया १९६७ नंतर आपल्या घराचे दार ठोठावतात. दार उघडणाऱ्या मिरियमलाही, ती युरोपातून आलेली ज्यू निर्वासित असल्याने, कनफानी स्वतःचा भूतकाळ देतात. ‘आशियाना’तील नव्या रहिवाशांच्या भूतकाळात मात्र अत्तिया हुसेन शिरत नाहीत. ज्यांच्या खंडावर ही वास्तू उभी होती ती कुळेही कथेच्या कडेलाच राहतात. (नोकरचाकरांविषयी लेखिकेची दृष्टी किती सूक्ष्म आहे हे नंदीच्या चित्रणावरून कळते, म्हणूनच ही उणीव अधिक जाणवते.)

कादंबरी संपल्यानंतरचे लखनौ तिच्या पुढे गेले. महमूदाबादचे राजे अमीर अहमद खान यांनी १९५७ मध्ये पाकिस्तानचे नागरिकत्व घेतले; १९६५ च्या युद्धानंतर हजरतगंजमधील इमारती व बटलर पॅलेससह त्यांची मालमत्ता ‘शत्रू मालमत्ता’ ठरली. त्यांचे पुत्र भारतीय नागरिक. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा वारसाहक्क मान्य केला. २०१७ च्या दुरुस्ती कायद्याने वारस भारतीय असला तरी अशी मालमत्ता कस्टोडियनकडेच राहील, असे ठरविले. २०२३ मध्ये या पुत्राचे निधन झाले. कमालची कोंडी कल्पित नव्हती, हे दाखविण्यास एवढा तपशील पुरेसा आहे.