सायकलची मोटार आणि पत्रकावरचे किलोमीटर

सणसवाडीला विज्ञान शिकवणाऱ्या एका शिक्षकमित्रांनी मध्यंतरी मला चार पत्रके पाठवली. साध्या सायकलला बसवायच्या विद्युत मोटार किटची ती पत्रके होती. त्यांच्या वर्गातील एका मुलाचे वडील कोरेगाव भीमाच्या बाजूने रोज नऊ किलोमीटर सायकल मारत शिक्रापूरच्या दिशेने एका कारखान्यात कंत्राटी कामाला जातात आणि पाळी संपल्यावर तेवढेच परत येतात. पैसे साठवून त्यांना किट घ्यायचे आहे. "यातले कोणते घेऊ, सरांना विचार," असे त्यांनी मुलाबरोबर सांगून पाठवले, आणि सरांनी तो प्रश्न माझ्याकडे ढकलला.

पत्रके वाचून पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की चारांपैकी तीन पत्रकांत सर्वांत उपयोगाचा आकडा छापलेलाच नाही. २५० वॅट आहे, ३५० वॅट आहे, '३० किलोमीटर', '३५ किलोमीटर' आहे, 'कोणत्याही सायकलला बसते' हेही आहे. बॅटरीत ऊर्जा किती, हे मात्र नाही. दुकानात तांदूळ घ्यायला जावे आणि पिशवीवर वजनाऐवजी 'सहा माणसे जेवतील' एवढेच लिहिलेले असावे, तसा हा प्रकार आहे.

तो आकडा म्हणजे वॅट-तास. बॅटरीचे व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार केला की तो मिळतो. २४ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे १६८ वॅट-तास. वॅट हा ऊर्जा खर्च होण्याचा दर आहे, वॅट-तास हा ऊर्जेचा साठा आहे. आपण आठवी-नववीच्या वर्गात हा फरक शिकवतो, उदाहरणे सोडवून घेतो, आणि बाजारात गेल्यावर २५० पेक्षा ३५० मोठे म्हणून ३५० चे किट चांगले असे आपणच म्हणतो.

आता सायकलला लागते किती ते पाहू. माणूस, सायकल, डबा मिळून ९० किलो धरा. सपाट डांबरी रस्त्यावर, चाकात पुरेशी हवा असताना, साध्या टायरचा लोटण-विरोध सुमारे ७ न्यूटन येतो. हे कोणी माझ्या शब्दावर मानू नये. शाळेच्या मैदानालगतच्या रस्त्यावर एका मुलाला सायकलवर बसवावे, हँडलला दोरी आणि दोरीला ताणकाटा लावून दुसऱ्याने सावकाश, एकसारख्या वेगाने ओढावे. काट्यावर साधारण पाऊण किलोच्या आसपास आकडा दिसेल. मूल हलके असेल तर कमी. मग चाकांतली हवा निम्मी करून पुन्हा ओढावे. आकडा किती वाढतो हे एकदा डोळ्यांनी पाहिलेला विद्यार्थी हवा भरायला विसरत नाही.

दुसरा विरोध हवेचा. तो वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ताठ बसलेल्या माणसाला तासी २० किलोमीटर वेगाला तो सुमारे ११ न्यूटन होतो. दोन्ही मिळून १८ न्यूटन, आणि त्या वेगाला लागणारी शक्ती सुमारे १०० वॅट. वेग २५ केला की १६५ वॅट लागतात, ३० केला की जवळजवळ २६०. किलोमीटरच्या हिशेबात सांगायचे तर चाकापाशी अनुक्रमे ५, साडेसहा आणि साडेआठ वॅट-तास प्रतिकिलोमीटर. मोटार, गिअर, साखळी आणि कंट्रोलर यांत तीस टक्के तरी वाया जातात. म्हणून बॅटरीतून २० च्या वेगाला किलोमीटरमागे ७ वॅट-तास निघतात असे धरावे.

१६८ ला ७ ने भागले की २४ किलोमीटर येतात. पण स्वस्त किटबरोबर येणारी शिसे-आम्लाची बॅटरी १६८ वॅट-तास देतच नाही. तिच्यावर छापलेले ७ अँपिअर-तास हे वीस तासांत, म्हणजे ०.३५ अँपिअरच्या सावकाश प्रवाहाने रिकामी केल्यावर मिळतात. सायकलची मोटार ६ अँपिअर खेचते. इतक्या वेगाने ऊर्जा काढताना पत्र्यांच्या आतल्या भागातली रासायनिक क्रिया मागे पडते, व्होल्ट लवकर उतरतात, आणि हाती साठ टक्केच लागतात. हाही प्रयोग शाळेत होतो. ७ अँपिअर-तासाची १२ व्होल्टची बॅटरी घ्या, गॅरेजमधून ५५ वॅटचा हेडलाइटचा दिवा आणा, दोन्ही जोडा, आणि मल्टिमीटरवर १०.५ व्होल्ट दिसेपर्यंत वेळ मोजा. कागदावरच्या हिशेबाने दीड तास यायला हवा. बॅटरी नवी असली तरी तासाभराच्या आसपास दिवा विझवावा लागेल. दिवा आणि त्याची काच चांगलीच तापते, मुलांना हात लावू देऊ नये.

म्हणजे १६८ चे राहिले १०० वॅट-तास, आणि २४ किलोमीटरचे राहिले १४. मग पत्रकावरचे ३० कुठून आले? ते सर्वस्वी खोटे आहेत असेही नाही. माणसाने निम्मी शक्ती पायांनी दिली तर मोटारीवर निम्माच भार येतो आणि २८ किलोमीटर जाता येते. तेव्हा त्या ३० पैकी १५ किलोमीटर विकत घेणाऱ्याच्या पायांचे आहेत. पत्रकात तेवढे वाक्य घालायला जागा नव्हती असे म्हणवत नाही, कारण तिथे हसऱ्या मुलीचे छायाचित्र चांगले मोठे आहे.

आकड्यांचा हा खेळ रस्त्याकडेच्या पत्रकांपुरता नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये 'ध्रुव विद्युत' या सायकल किटची चित्रफीत देशभर पाहिली गेली. आनंद महिंद्रा यांनी ट्विटरवर तिचे कौतुक केले आणि सगळ्या वृत्तपत्रांनी बातम्या छापल्या. यंत्राची बांधणी खरोखर देखणी होती. सायकल न कापता, न जोडता, पायडलजवळच्या भागावर ते घट्ट बसत होते. मूळ सायकल शाबूत राहावी हा विचार आपल्याकडच्या ग्राहकाच्या दृष्टीने फार शहाणपणाचा होता. पण बातम्यांत एक वाक्य सर्वत्र होते: पूर्ण चार्जवर ४० किलोमीटर, आणि २० मिनिटे पायडल मारल्यास बॅटरी ५० टक्के चार्ज होते. या वाक्यापाशी एकाही बातमीदाराने पेन्सिल हातात घेतलेली मला दिसली नाही.

आपण घेऊ. २० च्या वेगाने ४० किलोमीटरला, कुठेही काहीही वाया जात नाही असे धरले तरी, २०० वॅट-तास लागतात. त्याचे निम्मे १००. ते २० मिनिटांत, म्हणजे एकतृतीयांश तासात भरायचे तर ३०० वॅट शक्ती बॅटरीत जायला हवी. सायकल त्याच वेळी चालतही असेल तर तिचे १०० वॅट वेगळे. ४०० वॅट हा जागतिक दर्जाच्या शर्यतपटूंचा प्रांत आहे. रोज सायकल मारणारा धडधाकट कामगार ७५ ते १०० वॅट देतो, आणि तेही आठ तासांची पाळी करून आल्यावर नव्हे. उदार होऊन मान्य करू, की ४० किलोमीटरमध्ये निम्मा वाटा पायांचा धरला असेल. तरीही सायकल चालवून वर १५० वॅट उरायला हवेत. प्रत्यक्षात सायकल उभी करून २० मिनिटे १०० वॅटने पायडल मारले तर जनित्राचे नुकसान वजा जाता बॅटरीत पंचवीसेक वॅट-तास पडतील. त्यावर मोटार साडेतीन किलोमीटर नेईल. तेवढ्याच श्रमात आणि तेवढ्याच वेळात तो माणूस सरळ सायकल मारून साडेसहा किलोमीटर पुढे गेला असता.

सणसवाडीच्या रस्त्याकडे परत येऊ. तिथे चढ फारसे नाहीत, पण पावसाळ्यात पश्चिमेचा वारा आहे, आणि पुण्याकडून नगरकडे जाणारा रस्ता ईशान्येला जातो. जाताना वारा पाठीशी, येताना तोंडावर. तासी १० किलोमीटरचा वारा म्हणजे झुळूकच. पण २० च्या वेगाने त्याच्याविरुद्ध जाणाऱ्याच्या अंगावर ३० ची हवा येते. एकूण विरोध १८ वरून ३१ न्यूटनवर जातो. जाताना किलोमीटरला ४ वॅट-तास पुरतात, येताना १२ लागतात. नऊ किलोमीटर जायला ३५ आणि नऊ यायला ११०, मिळून १४५ वॅट-तास. वारा नसता तर सव्वाशे लागले असते. जाताना मिळालेली मदत येतानाची भरपाई करत नाही, हे वर्गात विचारण्याजोगे उदाहरण आहे.

१०० वॅट-तास देणारी बॅटरी घेतली तर ती परतीच्या वाटेवर मध्येच संपेल. पावसात, तिन्हीसांजेला, अवजड वाहनांच्या रांगेशेजारी, आणि आता सायकल पूर्वीपेक्षा दहा किलो जड. किट विकणाऱ्याने हे पाहिलेले नसते. घेणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात दिसते.

'कोणत्याही सायकलला बसते' या वाक्याचाही समाचार घेतला पाहिजे. स्वस्तात दोन प्रकार मिळतात. एकात कार्बन ब्रशची, गिअरची मोटार मागच्या चाकाजवळ चौकटीला बांधतात आणि वेगळ्या साखळीने चाक फिरवतात. दुसऱ्यात मोटार चाकाच्या तुंब्यातच असते. तुंब्यातली मोटार दिसायला सुबक आणि चालायला शांत. पण आपली काळी, उंच, २८ इंची सायकल तिच्यासाठी केलेली नाही. त्या सायकलच्या पुढच्या रिमला ३२ भोके आणि मागच्याला ४० असतात. तुंब्याच्या मोटारीला बहुधा ३६. जुन्या चिमट्याची रुंदीही अनेकदा मोटारीच्या आसाला पुरत नाही. मग मेकॅनिक चिमटा फाकवतो आणि आस बसण्याची खाच कानशीने घासून रुंद करतो. इथे एक साधा गुणाकार करावा. मोटार ३० न्यूटन-मीटरचे पीळबल देते. तेवढेच उलटे पीळबल आसाच्या चपट्या बाजूंवर, जेमतेम एक सेंटिमीटरच्या अंतरात पेलावे लागते. म्हणजे सुमारे ३००० न्यूटन, तीनशे किलो वजनाइतके बल, त्या घासलेल्या खाचेवर. आस फिरला तर तारा पिळून तुटतात आणि पुढचे चाक सुटू शकते. आसाला पकडून चिमट्याला बांधायची लोखंडी पट्टी चारपैकी एकाच किटमध्ये होती.

ब्रेकचा तर कोणीच उल्लेख केलेला नाही. १५ च्या वेगाने जाणाऱ्या सायकलपेक्षा, मोटार-बॅटरीसह २५ ने जाणारीची गतिज ऊर्जा तिप्पट असते. सळीचे ब्रेक आणि ओली, गुळगुळीत लोखंडी रिम यांच्यावर ती सोपवायची आहे.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायकलरिक्षावर जे काम केले, ते या बाबतीत वाचण्यासारखे आहे. २००२ साली 'करंट सायन्स'मध्ये त्यांनी ते मांडले. त्यांनी नुसती मोटार अडकवून दिली नाही. रिक्षाचे गिअर, मागच्या चाकांचे ब्रेक आणि वाऱ्याचा विरोध सुधारून पायडल रिक्षाच आधी चांगली केली, आणि पायडलला मोटारीची साथ देणारी रिक्षा हा वेगळा प्रकार म्हणून तयार केला. किटवाल्यांचा क्रम नेमका उलटा आहे.

३५० वॅटच्या किटबद्दल दोनच वाक्ये. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे, अर्धा तास सलग देता येणारी शक्ती ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी आणि वेग तासी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल तरच अशी सायकल मोटार वाहनात गणली जात नाही. सपाट रस्त्यावर १०० ते १६५ वॅट लागत असताना ३५० साठी पैसे मोजून नोंदणीचा प्रश्न ओढवून घेण्यात अर्थ नाही.

मी मित्रांना जे कळवले ते असे. त्या गृहस्थांची सायकल काळी, लोखंडी, २८ इंची आहे. त्यांनी ब्रशची, साखळीची २५० वॅटची मोटार घ्यावी. ती कुरकुरते, साखळीला तेल मागते, पण ब्रश झिजले तर मोटार रिवाइंडिंगच्या कोणत्याही दुकानात बदलून मिळतात, चाकाला हात लावावा लागत नाही आणि मोटार बंद असताना सायकल पूर्वीसारखी चालते. किटबरोबरची ७ अँपिअर-तासाची बॅटरी घेऊ नये, तिचे पैसे वजा करून मागावेत. त्याऐवजी लिथियम आयर्न फॉस्फेटची २४ व्होल्ट, १२ अँपिअर-तासाची बॅटरी घ्यावी. ती पावणेतीनशेच्या वर वॅट-तास देते आणि वजनाला तेवढ्याच शिश्याच्या बॅटरीच्या निम्म्याहून कमी भरते. शिश्याची रोज खोलवर रिकामी होणारी बॅटरी अडीचशे-तीनशे फेऱ्यांत, म्हणजे वर्षभरात थकते. ही हजाराच्या वर फेऱ्या काढते. किंमत तिप्पट सांगितली तरी ती स्वस्त पडते. पण सेल व्होल्टवर लक्ष ठेवणारे संरक्षक मंडल आत आहे का, आणि मोटार खेचते तेवढा प्रवाह त्याला सोसतो का, हे विचारल्याशिवाय घेऊ नये. सुटे सेल जोडून केलेली, नावगाव नसलेली बॅटरी तर मुळीच नको. चार्जर तिचाच हवा, शिश्याच्या बॅटरीचा लावू नये, आणि एका खोलीच्या घरात दाराशी किंवा अंथरुणाशेजारी रात्रभर चार्जिंगला ठेवू नये. एवढे पैसे जमत नसतील तर शिश्याचीच, पण १२ अँपिअर-तासाची घ्यावी. नवी असताना ती १८० च्या आसपास देईल आणि येऊन-जाऊन पुरेल. वर्षाने पुरणार नाही, हे आजच धरून चालावे.

आणि पैसे कमी पडले तर आधी ब्रेकची रबरे आणि दोन्ही टायर बदलावेत, मागे लाल आणि पुढे पांढरा परावर्तक लावावा, मोटार दिवाळीनंतर घ्यावी.

मित्रांचे उत्तर आले. मुलांनी ताणकाट्याचा प्रयोग त्याच सायकलवर, तिच्या मालकालाच बसवून केला. काट्याने जवळजवळ दीड किलो दाखवले. मागच्या टायरला बोटाने दाबले तर तो रिमला टेकत होता. हवा भरून पुन्हा ओढल्यावर आकडा निम्म्यावर आला. त्यांनी बॅटरीच्या दोन दुकानांत किंमत विचारली आहे, आणि पहिल्या दुकानदाराला वॅट-तास किती हे विचारल्यावर त्याने "किलोमीटर सांगतो ना" असे म्हटले.