अस्सल कोठें आहे? ‘फोटोज’ संग्रहाचें परीक्षण

जुना कागद हातीं आला म्हणजे तो अस्सल कीं नक्कल, हा प्रश्न संशोधक प्रथम विचारतो. त्या कागदाच्या छायाचित्राविषयीं मात्र क्वचितच विचारतो. मोडी कागदांचीं छायाचित्रें आतां बहुधा संगणकांतच राहतात, आणि पुढें कागदास कसर लागली तर तें छायाचित्र हाच पुरावा उरणार. म्हणून ॲपलच्या संगणकांवरील ‘फोटोज’ ही आज्ञावली अस्सलाचें जतन कसें करते, हें पाहणें आम्हांस अवश्य वाटलें.

सन २०१५ मध्यें ती ‘आयफोटो’च्या जागीं आली. तिचा संग्रह बाहेरून एकच फाईल भासतो. वस्तुतः तें बांधलेलें दप्तर आहे. ‘पिक्चर्स’ कप्प्यांतील ‘फोटोज लायब्ररी’वर उजवी टिचकी मारून ‘शो पॅकेज कंटेंट्स’ म्हटलें असतां तें सुटतें. आंत ‘ओरिजिनल्स’ हा कप्पा व त्यांत ० ते ९ आणि ए ते एफ असे १६ उपकप्पे आढळतात. सन २०१९ च्या ‘कॅटालिना’पासूनची ही मांडणी. तत्पूर्वीं ‘मास्टर्स’ कप्प्यांत फायली वर्ष, मास व दिवस या क्रमानें आपापल्या नांवांनिशीं असत. आतां प्रत्येकीस अंकाक्षरांची लांब, अर्थहीन मालिका हेंच नांव. मूळ नांव केवळ आज्ञावलीच्या खतावणींत. रुमालांवरील चिठ्ठ्या काढून सर्व खुणा एकाच वहींत नोंदाव्या, तसा हा प्रकार होय. वही गेली कीं दप्तर मुकें.

गुणही सांगितला पाहिजे. चित्र कापलें वा उजळलें तरी अस्सलास धक्का लागत नाहीं. सुधारलेली प्रत निराळी ठेविली जाते. ही शिस्त आमच्या कित्येक नकलकारांनीं पाळली असती तर पुष्कळ वाद टळले असते.

परंतु ‘ऑप्टिमाइझ मॅक स्टोरेज’ चालू असल्यास दोष गंभीर होतो. जागा अपुरी पडली कीं पूर्ण आकाराचें अस्सल ‘आयक्लाउड’मध्येंच राहतें व घरीं लहान प्रत उरते. असें दप्तर उतरून घेणारा नकलाच सांभाळतो, आणि त्यास तें कळतही नाहीं.

तेव्हां संग्राहकांनीं आंतील फायली हातानें हलवूं नयेत. ‘फाईल’ या यादींतील ‘एक्सपोर्ट’मधून ‘अनमॉडिफाइड ओरिजिनल’ हाच पर्याय घ्यावा, मूळ फाईलनांव राखावें, आणि त्या प्रती स्वतंत्र तबकडीवर ठेवाव्या. साधें ‘एक्सपोर्ट’ नवी नक्कल देतें. घरगुती चित्रांस ही आज्ञावली उत्तम आहे. दप्तरखान्याचें काम तिजवर सोंपवूं नये, असें आमचें मत आहे.