चाळीसगावचा टांगा

१४ एप्रिलच्या सुटीआधी आठ-दहा दिवस माझ्या जळगावच्या घरी निबंधांचे गठ्ठे येऊन पडतात. निवृत्त शिक्षक हा परीक्षक म्हणून सर्वांना सोयीचा. तो मानधनाचा विषय काढीत नाही आणि अक्षर वाईट असले तरी कुरकुरत नाही. यंदाही पन्नास-साठ निबंध वाचले. महू, १८९१ चा जन्म, महाडचे तळे, नाशिकचे मंदिर, राज्यघटना, नागपूरची दीक्षा: सनावळी बिनचूक, विशेषणे भरघोस. पण एकाही निबंधात चाळीसगाव नव्हते.

मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. व्यासपीठावरून जे कानी पडते तेच ती कागदावर उतरवितात. आमच्या वक्त्यांच्या भाषणात खानदेश आलाच तर तो धुळ्यापुरता येतो. १९३७ साली एका खटल्यासाठी बाबासाहेब धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले. दरवर्षी ३१ जुलैला तेथे माणसे जमतात. ते योग्यच आहे. परंतु त्याच्या आठ वर्षे आधी याच खानदेशात त्यांना कसे 'उतरवून घेतले' होते, ते त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. आणि माझ्या मते जयंतीनिमित्त वाचण्याजोगे त्याहून चांगले गद्य आपल्या जिल्ह्यांपाशी नाही.

'वेटिंग फॉर अ व्हिसा' ही त्यांची इंग्रजीतली छोटी आत्मकथनपर टिपणे. ती १९३५-३६ च्या सुमारास लिहिली असावीत असे मानतात. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० मध्ये त्यांची पुस्तिका काढली आणि पुढे शासनाच्या ग्रंथमालेतल्या बाराव्या खंडात ती आली. सहा लहान प्रकरणे, त्यांतले तिसरे चाळीसगावचे. साल १९२९. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सभासद म्हणून बाबासाहेब खानदेशात हिंडले होते. मुंबईला परतताना ते चाळीसगावी उतरले, धुळे फाट्यावरच्या एका गावी बहिष्काराचे प्रकरण पाहून आले, आणि तिथल्या अस्पृश्य मंडळींच्या आग्रहावरून रात्रीपुरते राहायला तयार झाले.

स्टेशनवर हार पडले. महारवाडा दोनेक मैलांवर, नदीच्या पलीकडे. बाहेर टांगे उभे. तरीही कोणी हलेना. तासाभराने एक टांगा आला. पाहुणा आत बसला, मंडळी आडवाटेने पायी पुढे गेली. दोनशे पावलांवरच मोटारीशी टक्कर व्हायची, ती पोलिसाच्या ओरडण्याने टळली. पुढे नदीवरची फरशी. कठडा नाही, कडेला अंतराअंतरावर नुसते दगड. तेथे घोडा उधळला, चाक दगडावर आपटले, टांगा घोड्यासकट नदीत गेला आणि पाहुणा फरशीवर फेकला जाऊन बेशुद्ध पडला. पाय मोडला होता.

कारण मागाहून कळले. अस्पृश्य उतारूला बसवून टांगा हाकणे कोणाही टांगेवाल्याला कमीपणाचे वाटत होते. आणि आपल्या पाहुण्याने पायी चालावे हे यजमानांना कमीपणाचे वाटत होते. शेवटी तडजोड झाली: टांगा भाड्याने न्यावा, हाकणारा मात्र तुमचा तुम्ही आणावा. ज्याने लगाम धरला त्याने तो जन्मात धरला नव्हता.

या लेखनातली पहिली लक्षणीय गोष्ट म्हणजे त्याचा क्रम. कारण आधी सांगून टाकण्याचा मोह लेखकाने आवरला आहे. स्टेशनवरचा तो एक तास त्यांना जसा कळला नाही तसाच आपल्यालाही कळत नाही. रोज भाडे मारणारा गाडीवान इतका अडाणी कसा, असे त्यांच्याबरोबर आपल्यालाही वाटते. आणि खरी गोष्ट उघडी पडते तेव्हा आपण त्या माणसाला नावे ठेवून चुकलेलो असतो. आक्रोश कोठे नाही. वकिलाने साक्षीपुरावा मांडावा तशी फरशीवरच्या दगडांची अंतरेसुद्धा दिली आहेत.

दुसरी गोष्ट अधिक अवघड. दोष वाटताना त्यांनी आपल्या माणसांनाही सोडलेले नाही. माझा मान राखताना तुम्ही माझा जीव धोक्यात घातलात, असे ते सरळ म्हणतात. हे मला प्रथम कठोर वाटले. ज्यांनी हार आणले, तासभर टांगेवाल्यांची मनधरणी केली, त्यांना हे ऐकवावे? पुन्हा वाचले तेव्हा मत पालटले. जे आपली चूक दाखवून देण्याइतके आपल्याला बरोबरीचे मानतात, तेच खरे आपले. कीव करणारा असे बोलत नाही.

एका जागी मात्र माझे समाधान होत नाही. शेवटी टांगेवाला म्हणजे हलका चाकर आणि आपण बॅरिस्टर, अशी तुलना ते करतात. जन्मावरून माणसाची प्रत ठरवू नका म्हणणाऱ्याने धंद्यावरून ती ठरवावी का? या तुलनेवाचून शिडी किती उलटी टेकली आहे हे परक्या वाचकाला दिसले नसते, हे खरे. आणि ही टिपणे प्रामुख्याने परक्यांना समजावे म्हणूनच लिहिली आहेत. तरी तो शब्द मला खुपतो.

पहिल्या प्रकरणात याच प्रसंगाची सावली आहे. १९०१ साली वडिलांना भेटायला निघालेली ही मुले मसूर स्टेशनवर उतरली. दुप्पट भाडे घेऊन गाडीवान तयार झाला तो याच अटीवर, की गाडी मुलांनी हाकायची आणि त्याने बाजूने चालायचे. मधल्या अठ्ठावीस वर्षांत तो मुलगा न्यूयॉर्क आणि लंडन करून आला. तडजोड तीच राहिली.

'श्यामची आई' वाचून आपण सारे रडलो आहोत. साने गुरुजी आमच्या अमळनेरचे मास्तर, म्हणून आम्हांला तर ती अधिकच जवळची. तीत महाराच्या म्हातारीला मोळी उचलून द्यायला आई श्यामला सांगते, आणि घरी येऊन आंघोळ करायलाही सांगते. ते पुस्तक १९३३ चे, ही टिपणे त्यानंतर दोन-तीन वर्षांची. तेथे आपण मोळी देणाऱ्याच्या मनात आहोत; म्हातारीला त्या आंघोळीबद्दल काय वाटले असेल ते कळायला मार्ग नाही. चाळीसगावच्या प्रकरणात जणू ती म्हातारी बोलते. दोन्ही पुस्तके एका फळीवर असावीत, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता थोडे स्वतःविषयी. माझे बालपण चाळीसगावी गेले. वीस वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात मी स्टेशनवरच्या टांग्यांवर एक ललित लेख लिहिला होता. घुंगरांचा नाद, ओल्या गवताचा वास, सगळे काही त्यात होते. लेख पुष्कळांना आवडला. त्यात मी कौतुकाने लिहिले होते की, आमचा टांगेवाला पोटच्या पोराच्या हातीही लगाम देत नसे, इतका त्याला आपल्या कसबाचा अभिमान.

१९२९ साली त्याच स्टेशनवर त्यांच्यापैकी एकाने घोडा, गाडी आणि लगाम हे सारे एका अननुभवी माणसाच्या हाती देऊन टाकले होते. पोटाचे साधन नदीत गेले तरी चालेल, पण त्या उतारूपुढे बसणे नको. कसबाच्या अभिमानाहून मोठा असा दुसराच एक अभिमान त्याच्यापाशी होता, आणि माझ्या लेखात त्याचा मागमूस नव्हता. लहानपणी मी पाहिला तो टांगेवाला खोटा होता असे नव्हे. मी त्याच्या टांग्यात सहज चढून बसत होतो, म्हणून मला तेवढाच दिसला.

निबंधांच्या गठ्ठ्याबरोबर यंदा त्या प्रकरणाचा मराठी गोषवारा तयार करून मी शाळेकडे पाठविला. दोन पानांचा आहे. मुख्याध्यापकांनी विचारले, जयंतीच्या दिवशी मुलांपुढे असे अपघाताचे वाचावे का. मी म्हटले, सुटी त्याच दिवसाची आहे. त्यांनी कागद ठेवून घेतले आहेत.