कोपीतले किशोरवय

स्थलांतरितांच्या मुलांविषयी मराठीत लिहिले जाते, तेव्हा बहुधा दोन सूर लागतात: एक करुणेचा, दुसरा ‘संस्कार तुटले’ या तक्रारीचा. धाराशिव जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांपुढे मला हे दोन्ही सूर अपुरे वाटतात. फडात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो; मुकादमाची उचलही त्या जोडीवर मिळते. कोपीत धाकट्यांना सांभाळणे, पाणी भरणे, भाकरी थापणे मात्र तेरा-चौदा वर्षांच्या मुलीकडे येते. हिशेबात तिचे नाव नसते. कुटुंबनिष्ठा इथे तुटलेली नाही. हंगाम तिच्यावरच उभा आहे.

अमेरिकेत अँड्र्यू फुलिग्नी आणि ईवा टेल्झर यांनी निरनिराळ्या वंशांच्या किशोरांच्या घरकामाचा अभ्यास केला. आपण घराच्या उपयोगी पडतो, या जाणिवेतून मुलांना समाधान मिळते, असे त्यांना आढळले. म्हणजे मूल्य आधारही देते. पण जो आधार आहे, त्याचेच ओझे कधी होते, हा खरा प्रश्न.

त्याचे उत्तर मला लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’त (१९८७) सापडते. गायकवाडांचे धनेगाव आज लातूर जिल्ह्यात आहे. १९८२पर्यंत तो भाग उस्मानाबादचाच होता. मुलगा शाळेत जाऊ लागतो आणि वस्तीतली पोरे आजारी पडतात. दोष शाळेवर येतो. समीक्षेने या प्रसंगाकडे केवळ अंधश्रद्धा म्हणून पाहू नये. पोर आपल्यातून जाईल, ही भीतीही त्यात आहे. मुलगा टिकतो, कारण त्याच वस्तीतला त्याचा बाप त्याच्या पाठीशी उभा राहतो. मूल्याचे ओझे होते, ते असा वडीलधारा पाठीशी नसतो तेव्हा.

२०२१मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी राज्यात ८२ शासकीय वसतिगृहांची योजना आली. ती हवीच. पण वसतिगृहातल्या मुलीच्या मनात ‘भावंडांकडे कोण पाहील’ ही टोचणी राहतेच. शिवाय मजुरी जोडीने मोजली जाते, तोवर लग्नाची घाईही सरत नाही. त्या घाईला आपण परंपरा म्हणतो आणि तिच्यामागचा हिशेब विसरतो.

या मुलीला केवळ बळी म्हणून रंगवणारे लेखन मला अपुरे वाटते. तिच्या कर्तेपणाचा अभिमान आणि त्याची किंमत एकाच पानावर मांडणारे लेखनच तिला न्याय देईल.