‘परसातील कुक्कुटपालन’ : एका संज्ञेची चिकित्सा

ग्रामीण अर्थव्यवहारासंबंधी मराठीत जे शासकीय व शैक्षणिक लेखन होते, त्यात ‘परसातील कुक्कुटपालन’ ही संज्ञा आता स्थिर झाली आहे. ती ‘बॅकयार्ड पोल्ट्री’ या इंग्रजी संज्ञेचे भाषांतर आहे, हे सांगावयास नकोच. संज्ञा भाषांतरित असणे हा काही दोष नव्हे. आपली बहुतेक शास्त्रीय परिभाषा याच मार्गाने आलेली आहे. तथापि ज्या व्यवहारास स्वतःची शब्दसंपदा आधीच आहे, त्याला बाहेरून नाव देताना मूळ शब्दांत साठविलेले ज्ञान गळून पडण्याचा संभव असतो. तसे येथे झाले आहे काय, आणि झाले असल्यास त्याची झळ कोणास लागते, हे पाहणे हा या टिपणाचा हेतू होय.

विषय क्षुल्लक नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशातील कोंबड्या व इतर कुक्कुटवर्गीय पक्ष्यांची संख्या सुमारे ८५ कोटी १८ लाख होती. त्यांपैकी सुमारे ३१ कोटी ७० लाख पक्षी घरगुती होते. २०१२ च्या तुलनेत व्यापारी पक्ष्यांची वाढ साडेचार टक्क्यांच्या आसपास झाली, तर घरगुती पक्ष्यांची वाढ शेकडा पंचेचाळीसहून अधिक झाली. मोठ्या शेडांचा प्रसार झाल्यावर दारची कोंबडी नाहीशी होईल, ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही.

आता संज्ञेकडे वळू. तिचे पहिले पद ‘परस’. परस म्हणजे घरामागची, त्या घराच्या मालकीची मोकळी जागा. ज्याला परसदार आहे, परसबाग आहे, अशा घराचा हा शब्द आहे. परंतु गावात कोंबडी ठेवणाऱ्या कुटुंबांत भूमिहीन मजूर, वस्त्यांवरील व पाड्यांवरील कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांपैकी कित्येकांच्या झोपडीमागे स्वतःची म्हणावी अशी हातभर जागाही नसते. त्यांची कोंबडी उकिरड्यावर उकरते, वाटेवर टिपते, दुसऱ्याच्या खळ्याच्या कडेला सांडलेले दाणे वेचते आणि सांजवेळी आपल्या खुराड्याकडे परतते. तिचा चारा सामायिक आहे. खासगी आहे ती केवळ तिची रात्रीची जागा. मराठीतील ‘कोंबड्या डालणे’ हा प्रयोग या दृष्टीने लक्षणीय आहे. दिवसभर मोकळ्या असलेल्या कोंबड्या संध्याकाळी डालग्याखाली झाकणे, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे मालकीची कृती दिवसातून एकदा, अंधार पडताना घडते. ‘परस’ या पदाने हा सामायिकपणा झाकला जातो, आणि ज्यांना परस नाही ते व्याख्येच्या कडेला ढकलले जातात.

दुसरे पद ‘पालन’. ‘पाळणे’ हे क्रियापद अस्सल मराठी आहे व ते कोंबड्यांनाही लावले जाते. परंतु ‘गोपालन’, ‘मत्स्यपालन’ या मालिकेत बसविलेले ‘कुक्कुटपालन’ हे धंद्याचे नाव होते, आणि धंदा म्हटला की त्याचे माप उत्पादनात घेतले जाते. घरगुती कोंबडी वर्षाकाठी पन्नास-साठ अंडी देते. शेडातील संकरित कोंबडी तीनशेच्या आसपास. एवढी तुलना मांडून पहिलीला ‘अल्पोत्पादक’ हे विशेषण बहाल केले जाते. शेडातील कोंबडीचे खाद्य, जागा, औषध व वीज विकत घ्यावी लागते, तर घरची कोंबडी किडे, वाळवी, कोंडा, कण्या व सांडलेले धान्य यांवर जगते, ही गोष्ट त्या तुलनेत येत नाही. जिच्यावर खर्चच जवळजवळ शून्य, तिचे उत्पन्न थोडे असले म्हणून तो व्यवहार आतबट्ट्याचा ठरत नाही.

या संज्ञेची खरी परीक्षा ‘खुडूक’ या शब्दापाशी होते. गावच्या बोलीत कोंबडीला वयानुसार व अवस्थेनुसार वेगवेगळी नावे आहेत: पिल्लू, तलंग, अंड्यावरची, खुडूक, पिलांची. ‘तलंग’ म्हणजे अंडी देण्याच्या उंबरठ्यावर आलेली. ती शहाणी बाई सहसा विकत नाही. जास्तीचे नर मात्र विकले जातात, किंवा पाहुण्यासाठी व देवाच्या नवसासाठी राखले जातात. या नावांत ‘खुडूक’ हे मध्यवर्ती आहे. अंडी घालणे थांबवून ती उबविण्यासाठी बसून राहण्याच्या अवस्थेला हे नाव आहे. ‘कोंबडी खुडूक बसली’ या वाक्यात कर्ती कोंबडी आहे, ठेवणारी बाई नव्हे. परंतु पुढचा निर्णय बाईचा असतो. कोणत्या खुडूक कोंबडीखाली दहा-बारा अंडी ठेवावयाची, आणि कोणतीला पाण्यात बुचकळून तिचे खुडूकपण मोडावयाचे, हे ती ऋतू पाहून, घारीचा व मुंगसाचा उपद्रव ध्यानात घेऊन आणि घरातील गरज जोखून ठरविते. एकवीस दिवसांनी पिले बाहेर पडतात. त्यांसाठी यंत्र नको, वीज नको, रोख रक्कमही नको.

उत्पादनाच्या परिभाषेत हीच अवस्था ‘दोष’ ठरते, कारण बसलेली कोंबडी अंडी देत नाही. म्हणून सुधारित जाती निर्माण करताना खुडूकपण घालविणे हे एक उद्दिष्ट राहिले. बंगळूरची ‘गिरिराज’, हैदराबादची ‘वनराजा’ या जाती मोकळ्या जागेत वाढविण्यासाठीच तयार केल्या गेल्या. त्यांची अंडी अधिक, वजन अधिक, रंगही गावच्या कोंबडीसारखा. या गुणांची किंमत कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु या कोंबड्या बहुधा खुडूक बसत नाहीत. त्यांची अंडी उबवावयाची तर गावठी कोंबडीच शोधावी लागते, नाही तर पुढच्या वेळी पिले विकत आणावी लागतात. ज्या घरात कोंबडी स्वतःच कोंबड्या करीत होती, तेथे आता पिलांसाठी पैसा व पुरवठ्यासाठी योजना यांची वाट पाहावी लागते. योजना बंद पडली की खुराडे रिकामे. गावच्या शब्दकोशात जी भांडवलाची वाढ होती, ती योजनेच्या शब्दकोशात उत्पादनातील खंड ठरली. संज्ञेची चूक येथे संसारात उतरते.

भाषेने या घडामोडींची आपल्या परीने नोंद घेतली आहे. शेडातील पक्षी येण्यापूर्वी ‘कोंबडी’ एवढेच पुरे होते. ‘ब्रॉयलर’ आला, लोकांच्या तोंडी त्याचा ‘बॉयलर’ झाला, आणि मूळ कोंबडीला विशेषणाची गरज भासली. ते विशेषण ‘गावठी’ किंवा ‘गावरान’. ‘गावठी’ हा शब्द माणसाला लावला तर हिणविणारा, दारूला लावला तर बेकायदा. पण अंड्याला लावताच तो भाव चढविणारा झाला. मराठीत हीनार्थी शब्दाचा असा उत्कर्ष क्वचितच आढळतो. मात्र या चढ्या भावाचा किती अंश ती अंडी गोळा करणाऱ्या बाईच्या हाती येतो, हा प्रश्न शब्दाच्या उत्कर्षाने सुटत नाही.

येथे विरुद्ध पक्षही मांडला पाहिजे, अन्यथा बोलीचे गौरवगान करून आपण थांबू. बोलीचे ज्ञान सर्वत्र पुरेसे नसते. ‘मानमोडी’ हे नाव लक्षणावरून पडले आहे: रोगट कोंबडीची मान पिळवटते. कुमाऊँमधील गावावरून याच रोगास ‘राणीखेत’ म्हणतात. परंतु सगळ्याच मरीत मान मोडत नाही, आणि मान न मोडताही हा रोग अख्खे खुराडे रिकामे करू शकतो. येथे लक्षणावरचे नाव अपुरे आहे. विषाणूची ओळख व लस हाच उपाय आहे. तरीही लसीच्या व्यवहारात पुन्हा तीच अडचण उद्भवते. कुपी शंभर, पाचशे वा हजार मात्रांची असते, फोडल्यावर थोड्याच वेळात वापरावी लागते, आणि बाईजवळ कोंबड्या आठ. म्हणजे ज्ञान प्रयोगशाळेचे असले तरी त्याचे माप शेडाचे आहे.

मोजमापाची हीच विसंगती संकटाच्या वेळी अधिक जाचक होते. जागतिक अन्न व कृषी संघटनेने २००४ साली कुक्कुट-व्यवसायाचे जे चार विभाग कल्पिले, त्यांत गावची कोंबडी चौथ्या विभागात आली, आणि तिची मुख्य खूण म्हणून रोगप्रतिबंधक दक्षतेचा अभाव नोंदविला गेला. अभावाने केलेली व्याख्या रोगनियंत्रणास उपयोगी असेल. त्या घराचे जीवन मात्र तिच्यातून कळत नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूची भारतातील पहिली नोंद झाली. रोग आढळला तो मोठ्या पोल्ट्रींत. पक्षी नष्ट करण्याच्या परिघात आसपासच्या घरांतील कोंबड्याही आल्या. साथ रोखण्यासाठी ते आवश्यक होते, हे मान्य करूनही भरपाईचा हिशेब कसा मांडला जातो, ते पाहावे. भरपाई पक्ष्यांच्या संख्येवर दिली जाते. बारा अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी त्या हिशेबात एक. शेडवाला पुढच्या महिन्यात नवी पिले आणू शकतो. जिची शेवटची खुडूक गेली, तिचे बियाणेच गेले.

म्हणून ‘परसातील कुक्कुटपालन’ ही संज्ञा टाकून द्यावी असे येथे सुचवावयाचे नाही. रूढ संज्ञा अशा टिपणांनी बदलत नसतात. सुचवावयाचे ते इतकेच की ग्रामीण उपजीविकेची पाहणी करणाऱ्याने प्रश्नावलीत ‘पक्ष्यांची संख्या’ या रकान्याबरोबर तलंगा किती, खुडूक किती, पिलांची किती, असे रकाने ठेवावेत. बाईच्या हाताशी मिठा-मिरचीला, एस.टी.च्या तिकिटाला, पोराच्या वहीला पैसा कोठून येतो आणि पुढच्या वर्षी तो येईल की नाही, हे त्या रकान्यांवरूनच कळेल. आमच्या विभागातील बोली-अभ्यासकांनी असे शब्द गोळा करावयाचे, आणि अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी ते केवळ ‘लोकजीवन’ म्हणून बाजूला न ठेवता मोजणीत घ्यावयाचे, एवढे घडले तरी या चिकित्सेचे श्रम सार्थकी लागतील.