दुहेरी कबुली: छुपा कॅमेरा आणि टॅक्सीतील संवाद

जो व हॅरी गँट्झ या बंधूंची ‘टॅक्सीकॅब कन्फेशन्स’ ही माहितीपटमालिका १९९५ साली अमेरिकेतील एचबीओ वाहिनीवर सुरू झाली. रात्रीचा उतारू चालकाशी मोकळेपणाने बोलतो. टॅक्सीत दडवलेले कॅमेरे ते टिपतात. प्रवास संपल्यावर त्याला खरा प्रकार सांगून प्रक्षेपणासाठी लेखी संमती मागितली जाते. न्यूयॉर्कमध्ये आरंभलेली ही मालिका पुढे लास वेगासकडे वळली.

कॅमेऱ्याची जाणीव नसलेला माणूस खरे बोलतो, या गृहीतकावर मालिकेच्या वास्तवतेचा दावा उभा आहे. गेओर्ग झिमेल याने १९०८ साली ‘परका’ या संकल्पनेचे विवेचन करताना असे निरीक्षण नोंदवले होते की, आप्तांपासून जपलेले गुपित माणूस परक्यापाशी उघड करतो. झिमेलचा परका समूहात वस्तीला राहणारा आहे; टॅक्सीचालक मात्र भाडे घेऊन निघून जाणारा. त्याच्याबरोबर आपले बोलणेही निघून जाईल, या विश्वासानेच उतारू बोलतो. कॅमेरा नेमका हा विश्वास मोडतो; विरून जाणारे उच्चारण तो टिकाऊ संहितेत रूपांतरित करतो. शिवाय चालक या योजनेत सामील असतो. त्यामुळे त्याचा साधा प्रश्नही निर्हेतुक राहत नाही, आणि ज्याला ‘सहज’ म्हटले जाते ते संभाषण एका बाजूने रचलेले ठरते.

मराठीतील ‘कबूल करणे’ या क्रियापदाचे दोन अर्थ येथे उद्बोधक ठरतात: दडवलेले मान्य करणे आणि मागितलेल्यास रुकार देणे. टॅक्सीत पहिली कबुली घडते, स्वाक्षरीत दुसरी. प्रेक्षकाला पहिलीचा प्रत्यय येतो तो दुसरीच्या आधारे. ज्यांनी रुकार दिला नाही, त्यांचे बोलणे संहितेबाहेर राहते. म्हणजे पडद्यावर दिसते ते ‘नकळत पकडलेले सत्य’ नव्हे, तर वक्त्याने मागाहून आपले म्हणून स्वीकारलेले सत्य होय. स्वाक्षरी करताना तो प्रथमच आपल्या उच्चारणाचा कर्ता होतो.

झाँ रूश आणि एडगर मोरँ यांच्या १९६१ च्या ‘एका उन्हाळ्याचा वृत्तान्त’ या चित्रपटात कॅमेरा उघड होता. सहभागी व्यक्तींना चित्रण दाखवण्यात आले आणि त्यावरील त्यांचे मतभेद चित्रपटातच समाविष्ट झाले. तेथे संमती ही संहितेचा आशय बनली. टॅक्सीत ती संहितेची केवळ पूर्वअट राहते. स्वाक्षरीपूर्वीची घालमेल, लाज, क्वचित अभिमान यांना मध्यवर्ती स्थान मिळाले असते, तर ही मालिका आत्मनिवेदनाच्या प्रकृतीविषयी मूलगामी प्रश्न उपस्थित करू शकली असती.

म्हणून अशा कृतींचे मूल्यमापन ‘हे खरे आहे काय?’ या प्रश्नापाशी थांबवता येत नाही. हे सत्य कोणाच्या मालकीचे, आणि ते नाकारण्याचा अधिकार वक्त्याला कोणत्या क्षणी मिळाला, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. बोलून झाल्यावर मिळालेला नकाराधिकार प्रक्षेपण थांबवू शकतो. ऐकले गेलेले परत घेऊ शकत नाही.